विरणारा सूर, भरणारा सूर

मुंबईत १९५५ साली स्वामी हरिदास संगीत संमेलन भरलं, तेव्हा जम्मूहून आलेला सतरा वर्षांचा एक मुलगा संतूर घेऊन मंचावर बसला. शिवकुमार शर्मा त्याचं नाव. त्या मुक्कामात तो संतूर वाजवायला आला होता आणि तबलाही. तबल्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नव्हतं. संतूरही श्रोत्यांना गोड लागलं. पण जाणकार म्हणवणाऱ्यांनी नंतर जो निकाल दिला, तो कुठल्याही शिकणाऱ्या मुलाचं कंबरडं मोडणारा होता. मुलगा गुणी आहे, लय पक्की आहे, पण वाद्य चुकलं. याने सतार घ्यावी, सरोद घ्यावा, हे काश्मिरी खोकं सोडून द्यावं.

निव्वळ हेटाळणी असती तर ती झटकून टाकता आली असती. पण या आक्षेपात तथ्य होतं. हिंदुस्थानी संगीत दोन सुरांच्या मधल्या जागेत राहतं. गायक एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जातो, वाटेत रेंगाळतो, आणि राग ओळखू येतो तो बरेचदा या रेंगाळण्यावरून. सतारीची तार बोटाने ओढता येते, सरोदच्या पत्र्यावर नख सरकवता येतं, सारंगी तर गळ्याची बहीणच. संतूरची तार मात्र दोन लाकडी कलमांनी छेडायची. कलम पडली की सूर उमटला, आणि उमटल्या क्षणापासून तो विरायला लागला. ना मींड, ना लांबवलेला सूर. काश्मीरच्या सूफियाना मौसिकीत हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलं होतं, पण तिथे त्याच्याकडून ख्यालाची अपेक्षा कुणी केली नव्हती. दरबारी किंवा मारवा शंभर तारांवर ठोकून वाजवायचा, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटली असेल. आज आपण बिनधास्त हसतो त्यांना. पण त्या सभेत मीही असतो तर बहुधा माझं मत त्यांच्यासारखंच पडलं असतं.

मुलाच्या मागे वडील उभे होते. पंडित उमादत्त शर्मा बनारसच्या परंपरेत शिकलेले गायक आणि तबलावादक. संतूर शास्त्रीय मंचावर यायला हवं हा ध्यास मुळात त्यांचा. पाचव्या वर्षापासून गाणं आणि तबला शिकत असलेल्या मुलाच्या हातात त्यांनी तेराव्या वर्षाच्या सुमारास संतूर दिलं. वडिलांचा विश्वास ही मोठी गोष्ट खरी, पण तिला एक मर्यादा असते: बापाला मुलगा चांगलाच वाटणार, हे मुलालाही ठाऊक असतं. शंका फिटायला बरोबरीचा कुणीतरी लागतो, आणि तोही स्वतः त्याच पाण्यात उतरलेला.

तो बरोबरीचा माणूस त्या वेळी अलाहाबादेत आखाड्यातून नुकताच बाहेर पडला होता.

हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १ जुलै १९३८ चा. शिवकुमार १३ जानेवारीचे, त्याच वर्षीचे. म्हणजे दोघांत साडेपाच महिन्यांचं अंतर. हरिप्रसाद यांचे वडील पैलवान. मुलगाही पैलवान व्हावा अशी त्यांची इच्छा. आई लहानपणीच गेलेली. मुलगा आखाड्यात जोर-बैठका काढायचा आणि घरी कळू न देता गाणं शिकायचा. शेजारच्या पंडित राजाराम यांच्याकडे आधी गळ्याचं शिक्षण, मग बनारसचे भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी. पोटापाण्यासाठी टंकलेखन आणि लघुलेखन शिकून त्यांनी कारकुनीही केली. १९५७ साली आकाशवाणीच्या कटक केंद्रावर नोकरी लागली आणि तिथून साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबईत आले. आखाड्यातली मेहनत फुकट गेली नाही, त्या दमसासावरच आपली बासरी उभी आहे, असं ते पुढे अनेकदा सांगत आले.

बासरीची परिस्थिती संतूरपेक्षा बरी होती, पण फार बरी नव्हती. कृष्णाचं वाद्य म्हणून तिला देव्हाऱ्यात मान, लोकसंगीतात मान. मैफलीत मात्र तिला स्वतंत्र बैठक मिळवून दिली ती एकट्या पन्नालाल घोष यांनी. बारीसालच्या या माणसाने बांबू लांब केला, आवाज खाली आणला, एक छिद्र वाढवलं आणि ख्यालाचा विस्तार बासरीवर करून दाखवला. मुंबईत त्यांनी चित्रपटांचं संगीतही केलं. एप्रिल १९६० मध्ये ते दिल्लीत गेले, वय पन्नाशीच्या आतच. म्हणजे हरिप्रसाद मुंबईत पाय रोवत होते तेव्हा बासरीचा रस्ता खुला झालेला होता, पण तो खोदणारा माणूस नुकताच गेला होता. पन्नालालबाबूंचे शिष्य होते, पण हा रस्ता त्यांच्या मागेही टिकतो का, याचं उत्तर अजून मिळायचं होतं.

शिवकुमारही १९६० सालीच मुंबईत आले. एक संतूर आणि खिशात ५०० रुपये, हा तपशील त्यांनी स्वतःच पुढे अनेक मुलाखतींत सांगितला. मुंबई त्यांना अगदीच परकी नव्हती. हरिदास संमेलनानंतर व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या १९५५ च्या चित्रपटात संगीतकार वसंत देसाई यांनी त्यांचं संतूर वापरलं होतं. म्हणजे ज्या शहरातल्या जाणकारांनी वाद्य बदलायचा सल्ला दिला, त्याच शहरातल्या एका कोकणी संगीतकाराला आणि एका कोल्हापुरी दिग्दर्शकाला त्यात काम दिसलं. सिनेमावाल्यांचं हे बरं असतं. वाद्याचं कूळ कोण विचारतो, सूर प्रसंगाला बसला की झालं.

आणि इथेच, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात, या दोघांची खरी तालीम झाली असं माझं मत आहे. शास्त्रीय संगीताचे चरित्रकार या काळावरून घाईघाईने पुढे सरकतात. पोटासाठी करावं लागलं, असं एक वाक्य टाकतात आणि मैफलींकडे वळतात. मला ते पटत नाही. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, परळचं राजकमल: या जागांमध्ये साठच्या दशकात काय चालायचं ते नीट पाहिलं पाहिजे. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात वाजवायचा. चूक झाली तर तेवढाच तुकडा बदलायची सोय फारशी नव्हती. अंतऱ्यानंतरच्या तुकड्यात बासरीचा एक सूर घसरला की पन्नास माणसं पुन्हा पहिल्यापासून. तास-दीड तास नुसतं बसून राहायचं, आणि मग चार मात्रांत आपलं सगळं कसब दाखवून गप्प व्हायचं. मदनमोहन, शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन अशांच्या वाद्यवृंदांत हे दोघं वाजवत होते. कागदावर जे आहे ते वाजवायचं, पण असं की ते कागदावरचं वाटू नये.

अशा ठिकाणी मैत्री होते ती कौतुकाने होत नाही. शेजारी बसलेल्याचा हात कधी थरथरतो, सकाळच्या पाळीला श्वास कसा लागतो, कुठली हरकत त्याची हुकमी आणि कुठल्या हरकतीला तो भितो, हे सगळं तुम्हाला कळतं, आणि तुमचंही त्याला. मैफलीचा कलाकार हे श्रोत्यांपासून लपवतो. स्टुडिओत लपवायला जागाच नसते.

शिवकुमारांच्या बाबतीत एक मोह वेगळाच होता. ते उत्तम तबला वाजवत. १९६५ च्या ‘गाइड’मधल्या ‘मोसे छल किये जाए’ या गाण्यातला तबला त्यांचा आहे. तोपर्यंत त्यांनी जाहीरपणे तबला वाजवणं सोडलं होतं आणि राहुलदेव बर्मन यांच्या आग्रहाखातर ते पुन्हा बसले. ते गाणं पुन्हा ऐका. असा ठेका देणाऱ्या माणसाला मुंबईत तबल्यावर आयुष्यभर काम मिळालं असतं. सुरक्षित दार उघडं होतं आणि त्यांनी ते आपल्या हाताने लावलं, तेही ज्या वाद्याचं मैफलीतलं भवितव्य अजून ठरायचं होतं त्याच्यासाठी.

१९६७ हे वर्ष मग महत्त्वाचं ठरतं, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. गोविंदराव तथा जी. एन. जोशी. भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता घराघरांत पोचली ती त्यांच्या आवाजात. पुढे ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळू लागले आणि भल्याभल्या उस्ताद-पंडितांना त्यांनी ध्वनिफितीवर आणलं. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आठवणींचं पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना माहीत असेल की हा माणूस कलाकारांची मर्जी सांभाळण्यात आणि त्यांच्याकडून काम काढून घेण्यात किती मुरलेला होता. त्यांच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घवादन तबकडी झाली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या वेळांप्रमाणे: अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. संतूर शिवकुमारांचं, बासरी हरिप्रसादांची, गिटार ब्रिजभूषण काबरा यांची, तबल्यावर माणिकराव पोपटकर.

यातल्या काबरांकडे लक्ष द्यायला हवं. हे जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी दांडी सरकवत ते राग वाजवायचे. त्या काळी असलं वाद्य म्हणजे सिनेमातलं हवाईयन गिटार, क्लबात आणि रेडिओवर गाण्यांच्या धुना वाजवायचं. त्यावर आलाप करणाऱ्याला काय ऐकावं लागत असेल याची कल्पना करा. म्हणजे या तबकडीत एकत्र आलेल्या तीन प्रमुख वाद्यांपैकी एक बाहेरचं ठरवलेलं, एक परदेशी ठरवलेलं आणि एक नुकतंच पोरकं झालेलं. सतार नाही, सरोद नाही, सारंगी नाही, गायक तर नाहीच. ज्यांना ओसरीवर बसवलं होतं त्यांनीच घरात पंगत मांडली. तिघांची वयं तिशीच्या अलीकडे-पलीकडे.

ही तबकडी तुफान खपली, परदेशातही पोचली, आणि अनेक पाश्चात्त्य श्रोत्यांनी हिंदुस्थानी संगीत पहिल्यांदा ऐकलं ते तिच्यावरच. शुद्ध मैफलीच्या तराजूत तिचं वजन थोडं कमी भरेल, हे मान्य करायला हवं. राग इथे छोटे आहेत, कडा गुळगुळीत आहेत, विस्ताराला वाव नाही. तरीही तिने एक काम केलं, जे तीनशे मैफलींनी झालं नसतं. संतूर आणि बासरी शेजारी ठेवली की दोघांचीही उणीव ऐकू येत नाही, हे तिने सगळ्यांना ऐकवलं. त्या दोघांनाही.

हे कसं होतं? संतूरचा सूर जोरात जन्मतो आणि लगेच बारीक होत जातो. बासरीचा सूर उलटा: फुंकर हलकी सुरू होते आणि मग भरत जाते. संतूरच्या विरण्यात बासरी शिरली की कानाला सांधा कळत नाही. जणू कलमेने छेडलेला सूरच आता लांबतो आहे आणि वळतोही आहे. संतूरला जी मींड नाही ती बासरी घेते. आता दुसरी बाजू बघा. बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागतो. कितीही दमसास असला तरी वाक्य कुठेतरी तुटणार. आणि झाल्यात, जिथे सतार किंवा सरोद चिकारीच्या तारा छेडत गती बांधतात, तिथे बासरीकडे चिकारी नसते. जिभेने तुकतुक करत लय दाखवावी लागते. तिथे संतूर धावून येतं. शंभराच्या घरातल्या तारा आणि तबल्यावर घडलेले हात. झाला म्हणजे शिवकुमारांचं माहेर.

जुगलबंदी म्हटलं की आपल्याकडे कुस्ती आठवते. तू एक तान घे, मी तिप्पट घेतो, तू पडलास की टाळ्या मला. सवाल-जवाब तर अनेक ठिकाणी नुसता बाजार झाला आहे. शिवकुमार-हरिप्रसाद यांनीही सवाल-जवाब केले, लोकांना आवडतात म्हणून केले असतील. पण त्यांच्या चांगल्या ध्वनिमुद्रणांत ऐकावा तो आलाप. कोण पुढे जातोय हे ठरलेलं नसतं. एकाने गंधारावर सूर ठेवला की दुसरा त्याच्याही वर जायचा प्रयत्न करत नाही. तो तिथेच, किंचित खाली, त्या गंधाराला टेकू देतो. एकाने दिलेला टेकू दुसऱ्याने घेतला की पुढचं वळण त्याला धिटाईने घेता येतं, कारण घसरलो तर खाली कुणीतरी आहे, याची खात्री असते. आत्मविश्वास हा शब्द हल्ली शिबिरांत आणि फलकांवर इतका वाजवला जातो की त्याचा अर्थ पातळ झाला. इथे तो अगदी ठोस असतो: चढत्या सुरावर थांबण्याची हिंमत.

हे सोपं वाटतं, पण मुळात स्वर जुळवणंच कटकटीचं. बासरीचा षड्ज बांबू कापतानाच ठरतो. बदलायचा तर बासरी बदलायची. म्हणून तडजोड करायची ती संतूरने. एकेका सुराला तीन-तीन, चार-चार तारा, प्रत्येकीची वेगळी खुंटी. एक तार केसभर उतरली तरी तो सूर खरखरतो. त्यात मंचावरचे दिवे. वाजवता वाजवता बासरीतली हवा श्वासाने तापते आणि तिचा सूर किंचित चढतो, तर दिव्यांच्या उबेने धातूच्या तारा सैलावतात आणि संतूर उतरतं. दोन मित्र एकाच खोलीत, एकाच उष्णतेत, आणि त्यांची वाद्यं मात्र विरुद्ध दिशांना चाललेली. दीड-दोन तासांच्या मैफलीत हे अंतर कानाने सांभाळत राहायचं: बासरीने ओठांचा कोन बदलून थोडं खाली यायचं, संतूरने दोन गतींच्या मधल्या वेळात खुंट्या पिळायच्या. शिवकुमार मंचावर जुळवायला वेळ घेत, आणि त्याबद्दल श्रोते कुरकुरत. जरा वेळ द्यायला काय हरकत असते, कळत नाही. तिकीट तर पूर्ण मैफलीचं काढलेलं असतं.

संतूर बदलत गेलं तेही याच काळात. काश्मीरमध्ये ते समोर लाकडी बैठकीवर ठेवतात. शिवकुमारांनी ते मांडीवर घेतलं, त्यामुळे अनावश्यक घुमारा दबला आणि सूर स्वच्छ झाला. तारांची मांडणी आणि जुळवणी त्यांनी बदलली, सप्तकांचा आवाका वाढवला. आणि मुख्य म्हणजे कलम तारेवर ठोकण्याऐवजी हलकेच थरथरत सरकवून सूर लांबवण्याची युक्ती त्यांनी पक्की केली. या युक्तीत मला बासरीचा शेजार ऐकू येतो. ते तसं बोलले होते की नाही हा प्रश्न वेगळा. पण वर्षानुवर्षं ज्याच्या बाजूला बसून तुम्ही वाजवता, त्याचा सूर तुमच्या हातात उतरल्याशिवाय राहत नाही. तसंच हरिप्रसादांच्या द्रुत गतीतल्या तुकड्यांचं. मात्रांची ती कापणी ऐकली की कुठेतरी कलमांचा आवाज येतो.

हरिप्रसादांनी जे केलं ते आणखी धाडसाचं. मुंबईत नाव झालं होतं, सिनेमाचं काम भरपूर होतं, पैसा होता. आणि त्या वेळी ते अन्नपूर्णादेवींच्या दारात गेले. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची ही कन्या मुंबईत राहत होती, मंचावर वाजवणं तिने सोडलेलं, शिष्य मोजकेच. शिकवायला तयार व्हायला तिने त्यांना बराच काळ ताटकळत ठेवलं, आणि अट घातली ती म्हणजे आजवरचं सगळं विसरून पहिल्यापासून सुरुवात. हरिप्रसादांनी बासरी धरायची बाजूच बदलली. उजवीकडे धरत होते ती डावीकडे धरायला लागले. जन्मभराची बोटांची सवय मोडून, तिशीच्या आसपास, पुन्हा सा लावायला बसले. नवी बाजू घेतली म्हणजे जुनं आपोआप वाजणारच नाही, हा त्यामागचा हिशोब.

नाव झालेला माणूस असं का करतो? सामान्यतः नाव झालं की माणूस त्याला चिकटून राहतो. ते गेलं तर काय, ही भीती असते. ज्याला ठाऊक आहे की आपण चाचपडलो तरी आपली जागा धरून बसलेला एक सखा आहे, त्याला चाचपडायची मुभा मिळते. हे माझं अनुमान आहे, त्यावर कुणी पुरावा मागू नये. पण आपल्याकडे पु. ल. देशपांडे आणि वसंतराव देशपांडे यांचं जे होतं, ते ज्यांनी वाचलं-ऐकलं आहे त्यांना हे पटायला हरकत नसावी. लष्कराच्या हिशेबखात्यातली नोकरी सोडून वसंतराव पूर्णवेळ गायला लागले, त्यामागे पेटीवर बसणारा एक मित्र होता.

सिनेमाच्या संगीताची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीच बहुतेकांना माहीत आहे. यश चोप्रांनी १९८१ च्या ‘सिलसिला’साठी दोघांना संगीतकार म्हणून घेतलं आणि ‘शिव-हरी’ ही जोडी जन्माला आली. ‘फासले’, ‘विजय’, ‘चाँदनी’, ‘लम्हे’, ‘परंपरा’, ‘साहिबाँ’, ‘डर’. एकूण आठ चित्रपट, १९९३ पर्यंत. ‘लम्हे’तली राजस्थानी लोकधून आणि ‘सिलसिला’तलं अमिताभ बच्चन यांच्या आवाजातलं होळीचं गाणं अजून लग्नांत आणि रंगपंचमीला वाजतं. गंमत अशी की या गाण्यांत त्यांनी आपल्या वाद्यांना पुढे पुढे केलं नाही. वाद्यवृंदात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला कळतं की गाणं गायकाचं असतं.

मला इथे लक्ष्मीकांत-प्यारेलाल आठवतात. तेही वादकच, एक मेंडोलिनवर, एक व्हायोलिनवर. मंगेशकर भावंडांच्या सुरील कला केंद्रात लहानपणीच भेटलेले. त्यांची मैत्री अशी एकजीव झाली की पुढे कोणतं काम कुणाचं हे सांगणं अवघड गेलं. शिव-हरींचं तसं झालं नाही, होऊ दिलं नाही. दोघांच्या स्वतंत्र मैफली, स्वतंत्र शिष्य, स्वतंत्र स्वभाव. शिवकुमार मंचावर शिस्तीचे. आलाप चालू असताना टाळ्या नकोत, खुसपूस नको. हरिप्रसाद हसरे, श्रोत्यांशी दोन शब्द बोलणारे, पहाडीची धून मागितली की वाजवणारे. जुगलबंदी होती ती अधूनमधून, आणि १९९३ नंतर सिनेमाही त्यांनी थांबवला. मैफलींचे दौरे आणि चित्रपटाचं वेळापत्रक एकत्र जमेना. एकमेकांवाचून चालू नये अशी अवस्था त्यांनी येऊ दिली नाही. मैत्रीने दिलेला भरवसा घेऊन एकट्याने मंचावर बसता आलं पाहिजे. नाहीतर तो भरवसा कसला, ती कुबडीच.

एकट्याने बसल्यावर शिवकुमारांनी जे केलं त्याकडे श्रोत्यांचं फारसं लक्ष जात नाही. विषम विभागांचे ताल त्यांनी संतूरवर आणले. रूपकच्या सात, झपतालाच्या दहा, कधी नऊ, कधी अकरा. वडिलांकडून मिळालेला तबला त्यांनी सोडला होता खरा, पण त्याने त्यांना सोडलं नव्हतं. सतार घे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं: मींड नसेल, पण ही लयकारी तुमच्या सतारीवर कुठे आहे?

शिवकुमार शर्मा १० मे २०२२ रोजी मुंबईत गेले. पुढच्याच आठवड्यात भोपाळला त्यांची मैफल ठरलेली होती. अंत्ययात्रेत झाकीर हुसेन यांनी खांदा दिला, ते छायाचित्र सगळ्या देशाने पाहिलं.

आज संतूर वाजवणाऱ्या मुलाला वाद्य बदल असं कुणी सांगत नाही. सतीश व्यास यांच्यासारखे शिवकुमारांचे शिष्य, रूपक कुलकर्णी यांच्यासारखे हरिप्रसादांचे शिष्य स्वतः गुरू होऊन बसले. शिवकुमारांचे चिरंजीव राहुल शर्मा आणि हरिप्रसादांचे पुतणे राकेश चौरसिया यांना आपलं वाद्य मैफलीत का, याचं समर्थन करावं लागलं नाही. संकट आता वेगळंच आलं आहे. संतूर-बासरी ही जोडी इतकी मान्य झाली, की हॉटेलच्या लिफ्टमध्ये, मसाज करणाऱ्या दुकानात, योगवर्गाच्या शेवटी शवासनात आणि दवाखान्यात नंबर यायची वाट पाहताना तीच वाजते. कुणी ऐकत नाही. ज्या वाद्यांना जागा नाही म्हणून हाकललं जात होतं, ती आता सगळीकडेच पसरलीत, पडद्यासारखी. हे दोघंही झोप यावी म्हणून वाजवत नव्हते, एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

म्हणून त्यांची जुगलबंदी ऐकायची तर एक काम करा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आज बाजूला ठेवा, ती पाठ झालेली असते. त्यांच्या एखाद्या लांब मैफलीचं ध्वनिमुद्रण लावा, रूपकमधली गत असलेलं मिळालं तर उत्तमच. रूपकची समच खाली असते, तबल्याचा भरीव ठोका तिथे पडत नाही. त्यामुळे समेवर येणाऱ्याला जमीन दिसत नाही, अंदाजाने पाय टाकावा लागतो. बोटांवर सात मोजत बसा. संतूर तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवत, समेकडे निघेल तेव्हा बासरी काय करते तिकडे कान द्या: ती थांबलेली असेल, किंवा एकच सूर धरून बसलेली असेल. आणि तिहाई समेवर बरोबर पडली, की लगेच पुढच्या मात्रेला बासरी उचल घेईल. मोजताना चुकलात तर मागे जाऊन पुन्हा लावा, तिसऱ्या-चौथ्या वेळी सापडतं.